स्प्रे फिनिश 'सोपं' म्हणून छापण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घर सजावटीच्या पानांवर लाकडी फर्निचरला स्वतःच स्प्रे मारून फिनिश कसं द्यायचं असे लेख हल्ली वरचेवर येतात, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येकात एक वाक्य ठरलेलं असतं की ब्रशचे व्रण नको असतील तर स्प्रे गन घ्या, काम झटपट होतं. झटपट होतं हे खरंच आहे. गनमधून माल (म्हणजे लॅकर, पॉलिश असं जे फिनिश लावायचं ते) उडवायला वेळ लागतच नाही, अख्ख्या टेबलटॉपवर एक कोट मारायला दोन-तीन मिनिटं पुरतात. पण त्या दोन-तीन मिनिटांच्या आधी काय काय जुळून यावं लागतं आणि जुळलं नाही तर नंतर किती वेळ घासत बसावं लागतं याबद्दल एक ओळ नसते, आणि मास्कबद्दल असलीच तर 'मास्क वापरावा' इतकीच, म्हणून हे पत्र. लाकूडकाम आणि त्याचं फिनिशिंग हेच रोजचं काम असल्यामुळे जरा लांबलंय. कापायचं झालं तर मधलं कापा, शेवटचा भाग तेवढा राहू द्या.

आधी एक गैरसमज. स्प्रे मारला की खालचं सगळं झाकलं जातं असं बऱ्याच जणांना वाटतं. अहो, झाकलं कसलं जातंय, होतं ते सगळं चव्हाट्यावर येतं! कोरड्या लाकडावर ऑर्बिटल सँडरने (गोल फिरणाऱ्या घासायच्या मशीनने) सोडलेले बारीक गोल ओरखडे डोळ्याला दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत, आणि सीलरचा म्हणजे लाकडाची छिद्रं बंद करणाऱ्या मालाचा पहिला कोट पडून उजेड तिरका आला की एकदम सगळे उठून दिसतात. खाली स्टेन म्हणजे लाकडाला रंग देणारा पातळ माल मारला असेल तर विचारूच नका, रंग त्या ओरखड्यांत जाऊन बसतो. बहुतेक वेळा कारण एकच, घासायच्या पॉलिश पेपरच्या नंबरात मारलेली उडी. १२० नंतर थेट ३२० घेतला की वरून गुळगुळीत लागतं पण १२० चे चर ३२० च्या पेपरला काढता येत नाहीत, त्यामुळे १२०, १५०, १८०, लागलं तर २२० असंच पायरीपायरीने जावं लागतं, कंटाळा आला तरी. सांध्यातून बाहेर आलेला फेविकॉलसारखा गोंद तर अजून वाईट, पुसलाय असं वाटतं पण त्याचा पातळ थर लाकडात मुरलेला असतो आणि स्टेन तिथे चढतच नाही. फवारायच्या आधी स्पिरिटचा ओला फडका फिरवून तिरक्या उजेडात बघितलं की ओरखडे आणि गोंदाचे डाग दोन्ही दिसतात, स्पिरिट उडून जातं, नुकसान काही नाही. एवढी साधी गोष्ट, पण लेखात सापडणार नाही, कारण लेख गनपासून सुरू होतो.

बरं, गनकडे येऊ. कुठली गन घ्यावी यावर लोक इतका वेळ घालवतात आणि ती गन ज्या हवेवर चालते तिच्याकडे कोणी बघत नाही. एचव्हीएलपी (हाय व्हॉल्यूम, लो प्रेशर) गनचं सगळीकडे कौतुक होतं आणि ते रास्त आहे, एअर कॅपपाशी (गनच्या तोंडावरच्या हवेच्या भोकांच्या टोपीपाशी) तिचा दाब १० पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं एकक) आत असतो म्हणून माल लाकडावर आपटून परत उडत नाही. जुन्या पद्धतीच्या गनमध्ये निम्म्याहून जास्त माल हवेत जातो, हिच्यात बराचसा लाकडावर बसतो. पण नावातच आहे की दाब कमी आणि हवा भरपूर, आणि ही भरपूर हवा येणार कुठून? टायरमध्ये हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर असतो त्यावर अशी गन जोडली तर पहिले काही सेकंद मस्त चालते, मग टाकीतला दाब उतरायला लागतो, माल नीट फुटत नाही, थेंब मोठे पडतात, आणि टेबलाची अलीकडची बाजू काचेसारखी आणि पलीकडची खरबरीत असा प्रकार होतो. माणूस म्हणतो गन बेकार आहे. दुसरी गंमत म्हणजे रेग्युलेटरवर आकडा लावताना बहुतेक जण ट्रिगर सोडलेला असताना लावतात, ट्रिगर दाबून हवा वाहायला लागली की तोच आकडा धाडकन खाली येतो. पाईप बारीक आणि लांब असेल तर आणखी खाली. आकडा बघायचा तो ट्रिगर दाबून, आणि शक्यतो गनच्या शेपटीला लावलेल्या गेजवर.

पाण्याचंही तसंच. हवा दाबली की तापते, गरम हवेत वाफ मावते आणि पुढे पाईपात गार होताना तिचं पाणी होतं. लोक पाणी अडवणारा फिल्टर कॉम्प्रेसरच्या तोंडाशीच बसवतात, तिथे हवा अजून गरमच असते, पाणी झालेलंच नसतं तर अडवणार काय. ते पुढे जाऊन गनमधून थेंब थेंब बाहेर पडतं. लॅकरवर डाग पडतो तो दिसतो तरी, दोन डब्यांच्या पीयूमध्ये (पॉलियुरेथेन, ज्यात मूळ माल आणि तो कडक करणारा हार्डनर आयत्या वेळी मिसळतात) मात्र हार्डनरची पाण्याशी रिअ‍ॅक्शन होऊन कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि फिल्ममध्ये बारीक बुडबुडे अडकतात, ज्याचं कारण शोधता शोधता माणूस वेडा होतो.

मग येतो माल पातळ करायचा प्रश्न. 'थोडं थिनर टाका' असं सगळे सांगतात, थोडं म्हणजे किती ते कोणी सांगत नाही, आणि सांगता येणारही नाही कारण तोच डबा १५ अंशाला घट्ट असतो आणि ३५ अंशाला पातळ. म्हणून फोर्ड कप नावाचा खाली भोक असलेला साधा कप मिळतो, तो भरायचा, माल वाहून जायला किती सेकंद लागतात ते मोजायचं आणि कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेल्या सेकंदांशी जुळवायचं. अगदी शाळकरी काम आहे. पण अनुभवी माणूससुद्धा काठी बुडवून धार बघतो आणि 'चालेल' म्हणतो, आणि आज चाललेलं उद्या चालत नाही. थिनरचाही नुसता प्रमाणाचा प्रश्न नाही, ते किती वेगाने उडतं हा मुद्दा आहे. गरम हवेत फास्ट थिनर वापरलं तर थेंब लाकडावर पोचेपर्यंत अर्धा सुकलेला असतो, बसतो पण पसरत नाही. गार हवेत स्लो थिनर वापरलं तर उभ्या फळीवर ओघळ. दमट हवेत तर अजून एक नाटक असतं, सॉल्व्हंट भराभर उडताना पृष्ठभाग गार करतं, इतका की हवेतली वाफ त्या ओल्या लॅकरवर पाणी होऊन बसते आणि फिनिश दुधी पडतं. अशा वेळी रिटार्डर म्हणजे हळू उडणारं सॉल्व्हंट घालावं लागतं, किंवा सरळ त्या दिवशी काम बंद ठेवावं लागतं. माझं मत विचाराल तर बंद ठेवणं केव्हाही बरं, पण फिनिशिंगच्या माणसाला हा हक्क कोणी देत नाही, त्यावर पुढे बोलतो.

एवढं सगळं जुळलं की मग पुठ्ठा. लाकडावर गन लावायच्या आधी पुठ्ठ्यावर एक क्षण ट्रिगर दाबायचा आणि जो ठसा उमटतो तो वाचायचा, हे मला या सगळ्या कामातलं सगळ्यात मोलाचं वाटतं आणि सगळ्यात कमी लोक करतात. चांगला ठसा लांबट अंडाकृती असतो, सगळीकडे सारखा. मधे जाड आणि टोकांना विरळ असेल तर दाब कमी पडतोय किंवा माल घट्ट आहे. दोन्ही टोकं जाड आणि कंबर बारीक झाली असेल तर उलट, हवा जास्त आणि माल कमी किंवा फार पातळ. ठसा चंद्रकोरीसारखा एका बाजूला वळला असेल तर कुठेतरी भोक चोंदलंय, आणि कुठलं ते कळायला एअर कॅप अर्धा फेरा फिरवून परत एक ठसा मारायचा. कोर दुसऱ्या बाजूला वळली तर दोष कॅपच्या शिंगातल्या (पुढे आलेल्या दोन टोकांतल्या) भोकात, तशीच राहिली तर आतल्या नोझलच्या टोकावर. इतकं स्वच्छ निदान मला दुसऱ्या कुठल्या हत्यारात माहीत नाही. आणि ते भोक साफ करायला टाचणी किंवा तार घालू नका, लाकडी टूथपिक घ्या, भोकाची कड एकदा चरली की ती कॅप गेली कामातून.

आता हात. गन पृष्ठभागापासून ६ ते ८ इंच, काटकोनात, आणि हात सरकवायचा तो खांद्यापासून. नवशिका मनगटातून फिरवतो, अंगण झाडताना हात फिरतो तसा, म्हणजे मधे गन जवळ आणि टोकांना लांब, मग मधे ओघळ टोकाला कोरडं. ट्रिगर फळीच्या कडेच्या आधी दाबायचा, पलीकडची कड ओलांडल्यावर सोडायचा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. हे सगळं कुठल्याही व्हिडिओत सांगतात आणि बरोबर सांगतात. पण हे सगळं बरोबर करूनही फिनिश बिघडतं, कारण खरी अडचण हातात नाही, डोळ्यात आहे. नवशिक्याचे डोळे गनवर खिळलेले असतात. बघायचं असतं ते गनच्या मागे आत्ता पडलेल्या ओल्या पट्ट्याकडे.

हे जरा सविस्तर सांगतो कारण कोणी सांगत नाही. टेबलटॉप आडवा ठेवलाय, त्याच्या पलीकडे कमी उंचीवर एक ट्यूबलाईट आहे आणि तुम्ही जरा वाकून तिचं प्रतिबिंब त्या फळीत बघताय. माल पडला त्या क्षणी प्रतिबिंब दिसत नाही, नुसते दाणे दिसतात. लगेच, म्हणजे एक-दोन सेकंदात, दाणे एकमेकांत मिसळतात आणि ट्यूबची कड थरथरत का होईना पण जुळते, सरळ होते. हे जर होत असेल तर तुमचा वेग बरोबर आहे, आहे तसे चालत राहा. दाणे दाणेच राहिले, कड जुळलीच नाही, तर तुम्ही भरभर जाताय किंवा लांबून मारताय, आणि हे कोट सुकल्यावर नाही, आत्ता पुढच्या पट्ट्याच्या आत सुधारायचंय. आणि माल पडता क्षणीच एकदम काच झाली, कडेला जाडसर कण्यासारखी रेष फुगली, तर तो जास्त आहे, आडव्या फळीवर कदाचित निभावेल पण उभ्या फळीवर तो थोड्याच सेकंदांत खाली यायला लागणार. म्हणजे चूक कळायची वेळ आणि चूक दिसायची वेळ यात फरक आहे, आणि ओघळ दिसल्यावर गन थांबवून उपयोग नसतो. हा उजेड नसेल तर कितीही भारी गन असू दे, आंधळेपणाने मारणं आहे ते. डोक्यावरच्या दिव्यात हे काही दिसत नाही.

जाडी मोजायची असेल तर दातेरी कंगव्यासारखं एक छोटं गेज मिळतं, ओल्या फिल्ममध्ये टेकवायचं, कुठल्या दातापर्यंत माल लागला ते बघायचं. १०० मायक्रॉन ओला थर दिला आणि मालात आकारमानाने घन भाग २० टक्के असेल तर सुकल्यावर उरतात २० मायक्रॉन. हे गणित डोक्यात असलं की एकाच कोटात 'भरपूर बॉडी' आणायचा मोह सुटतो. लॅकरला तर जाड मारायची गरजच नाही, नवा कोट जुन्याला थोडा विरघळवून त्यात मिसळून जातो. पीयूचं तसं नाही, ते एकदा पक्कं झालं की वरचा कोट त्याला विरघळवू शकत नाही, म्हणून मधे पेपर मारून खरखरीतपणा द्यावा लागतो, नाहीतर पुढे कधीतरी साल निघाल्यासारखा थर सुटतो. तयार केलेल्या पीयूला डब्यातही ठराविक वेळच असते, मिसळून ठेवलं आणि फोन आला म्हणून तासन्‌तास बाहेर गेलात तर गनच्या आत दगड.

फळी ही सोपी गोष्ट झाली. खुर्ची घ्या. पाय, आडव्या दांड्या, पाठीच्या पट्ट्या, एका पायावर मारताना उडालेलं धुकं दुसऱ्या पायावर कोरडं बसतं, म्हणून आधी आतल्या आणि न दिसणाऱ्या बाजू, उलटी ठेवून खालचं, मग बाहेरचं आणि सीट सगळ्यात शेवटी. आडव्या टॉपला सुद्धा आपल्या जवळच्या कडेपासून सुरू करून एक्झॉस्ट फॅनच्या दिशेने जायचं, म्हणजे उडणारं धुकं अजून न मारलेल्या भागावर जातं आणि पुढच्या पट्ट्याखाली जिरतं, उलट गेलात तर ते तुमच्याच ओल्या कामावर येऊन बसतं आणि सुकल्यावर हाताला वाळू लागते. आणि कपाटाचा आतला भाग! बंद खोक्यात हवा मारली की ती मागच्या फळीवर आपटून माल घेऊन तोंडावर येते, कोपऱ्यात काहीच बसत नाही आणि कोपऱ्याच्या दोन इंच अलीकडे ओघळ. दाब कमी करा, फवाऱ्याचा पट्टा अरुंद करा हे उपाय आहेतच, पण खरा उपाय म्हणजे कपाट जोडायच्या आधी पाठ वेगळी ठेवून तिला वेगळं फिनिश करणं. म्हणजे हा निर्णय डिझाईन करतानाच घ्यायला हवा, आणि तेव्हा फिनिशिंगवाल्याला कोणी विचारलेलं नसतं.

शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त कशाने छळत असेल तर एकच दोष दहा कारणांनी येतो याने. पृष्ठभाग बारीक खळग्यांचा झाला, ज्याला ऑरेंज पील म्हणतात, तर दाब कमी असेल, माल घट्ट असेल, थिनर फास्ट असेल, गन लांब असेल, कोट फारच पातळ बसला असेल किंवा फारच जाड बसला असेल. माणूस काय करतो, थिनर वाढवतो, दाबही वाढवतो, शिवाय जवळूनही मारतो. मग ओघळ येतो. मग तिन्ही उलटं करतो. अशा वेळी एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुठ्ठ्यावर नाहीतर रद्दी फळीवर बघायचं, दुसरा मार्ग मला माहीत नाही. वॉटर-बेस्ड मालाने तर अनुभवी लोकही फसतात, तो पडतो तेव्हा निळसर दुधी आणि खळग्यांचा दिसतो, घाबरून माणूस वरून अजून एक हात मारतो आणि ओघळ काढतो, सोडून दिलं असतं तर तोच माल थोड्या वेळात सपाट आणि पारदर्शक झाला असता.

फिश आय नावाचा दोष तर चीड आणणारा आहे. कोट मारला की जागोजागी गोल खड्डे उघडतात आणि माल तिथून पळतो. कारण सिलिकॉन, जुन्या फर्निचरवर मारलेलं चमकवायचं पॉलिश, शेजारी कोणीतरी बिजागरीला मारलेला स्प्रे, कधी हाताला लावलेलं क्रीम. इतका सूक्ष्म अंश पुरतो. आणि यावर बाजारात जे 'फिश आय घालवणारं' औषध मिळतं ते बहुधा सिलिकॉनच असतं! म्हणजे सगळा माल सारखाच सिलिकॉनी करून टाकायचा, मग कुठे खड्डा दिसत नाही. आजचं काम सुटतं, पण गनमध्ये, पाईपात, बूथमध्ये (फवारायच्या बंदिस्त जागेत) ते राहतं आणि पुढच्या कामात परत तेच. मी त्यापेक्षा मेण काढलेल्या चपड्याचा म्हणजे शेलॅकचा एक पातळ थर मधे देणं पसंत करतो, तो सिलिकॉन अडवून धरतो आणि वर बहुतेक सगळं चढतं.

इतकं वाचून कोणी म्हणेल मग ब्रशच बरा. काही कामांना बराच, मी नाही म्हणत नाही. फवाऱ्याचा जन्म काही नाजूक फर्निचरसाठी झालेलाच नाही मुळी. १८८७ च्या सुमाराला शिकागोतल्या मार्शल फील्ड या मोठ्या दुकानाच्या तळघराच्या भिंतींना चुना लवकर मारून व्हावा म्हणून जोसेफ बिंक्स नावाच्या माणसाने हातपंपाचं फवारणी यंत्र केलं, आणि १८९३ च्या तिथल्या जागतिक प्रदर्शनातल्या प्रचंड इमारती त्याच पद्धतीने पांढऱ्या केल्या. हेतू वेग हाच होता. पुढे नायट्रोसेल्युलोज लॅकर आलं, ते इतकं भराभर सुकतं की ब्रशने नीट लावताच येत नाही, आणि १९२० च्या दशकात मोटारींच्या कारखान्यांनी ते उचललं कारण ज्या रंगाला सुकायला आठवडे लागायचे ते काम थोडक्या वेळात व्हायला लागलं. फर्निचर त्याच वाटेने गेलं. म्हणजे वेग हा या पद्धतीचा मूळ स्वभाव आहे आणि देखणं फिनिश हे तिच्याकडून शिकून काढून घ्यावं लागतं.

आणि ते शिकायला वेळ कोण देतो? फर्निचरच्या कुठल्याही कामात लाकूड उशिरा येतं, सुतार उशिरा संपवतो, डिझाईन दोनदा बदलतं, आणि हा सगळा उशीर ज्याच्या अंगावर येऊन पडतो तो शेवटचा माणूस म्हणजे फिनिशिंगवाला. हवा दमट आहे, आज नको, म्हटलं तर कामचुकार ठरतो. खोलीत शेजारी फळी कापायचं मशीन चालू असतं आणि वर विचारतात धूळ कशी बसली. नव्या पोराला शिकवायचं तर त्याला बिघडवायला फळ्या द्याव्या लागतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा उभ्या टांगून, कारण आडव्या फळीवर कोणालाही जमतं, ओघळ कुठे सुरू होतो ती सीमा उभ्या फळीवरच कळते. मुद्दाम ओघळ काढायला लावावा, मग त्याच्या एक पाऊल अलीकडे थांबायला. त्याऐवजी त्याला पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाच्या दारावर सोडतात आणि बिघडलं की ओरडतात.

आता ज्यासाठी खरं लिहायला बसलो ते. फिनिश बिघडलं तर घासून परत मारता येतं. फुप्फुसाचं तसं नाही. दोन डब्यांच्या पीयूमधल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट्स असतात, आणि कामामुळे होणाऱ्या दम्याच्या मोठ्या कारणांत ती गणली जातात. यातली वाईट गोष्ट अशी की काही जणांचं शरीर त्यांना एकदा बिचकायला लागलं की मग अगदी थोड्या प्रमाणानेही दम लागतो, आणि त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे तो माल परत कधी आसपास न येऊ देणं, म्हणजे धंदाच सोडणं. वासावर भरवसा ठेवता येत नाही, धोक्याची पातळी ओलांडली तरी नाकाला कळेलच असं नाही. आणि कातडीवर लागूनही हा त्रास सुरू होऊ शकतो, म्हणून हातमोजेही हवेत. धुळीचा जो पांढरा मास्क असतो तो फक्त कण अडवतो, वाफ त्यातून सरळ आत जाते, आणि लेखांसोबतच्या फोटोत बहुतेक वेळा तोच मास्क असतो! थिनरच्या वाफेसाठी ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा (वाफ शोषून घेणाऱ्या डब्या लावलेला) मास्क लागतो, आणि कार्ट्रिजही भरून जातं, बदलावं लागतं. आयसोसायनेटवाला माल फवारायचा तर बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच योग्य मानतात. युरोपियन युनियनने २४ ऑगस्ट २०२३ पासून असा नियम केलाय की ०.१ टक्क्याहून जास्त मोनोमर डायआयसोसायनेट (आयसोसायनेटचाच एक प्रकार) असलेला माल व्यवसायात हाताळायच्या आधी कामगाराचं प्रशिक्षण झालेलंच पाहिजे. आणि आपण तोच माल 'सुट्टीच्या दिवशी करून बघा' म्हणून वाचकांना सुचवतो.

पीयू टाळून अ‍ॅसिड हार्डनरचं मेलामाईन (तसंच दुसरं एक फिनिश) घेतलं तर त्यातून फॉर्मल्डिहाइड निघतं, जे कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे. नायट्रोसेल्युलोज लॅकरमध्ये यातलं नाही पण त्याची सुकलेली उडालेली धूळ भयंकर पेट घेते, आणि थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीवरून सरपटत पलीकडच्या खोलीत चालू असलेल्या गिझरपर्यंत किंवा साध्या पंख्याच्या मोटरपर्यंत जाऊ शकते. घरातला टेबलफॅन उलटा लावून एक्झॉस्ट केलाय असं बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो. वॉटर-बेस्डला वास कमी म्हणून तो निर्धोक असंही नाही, धुकं छातीत जायचं ते जातंच आणि त्यातल्या काहींमध्ये हार्डनर आयसोसायनेटचाच असतो.

तेव्हा विनंती एवढीच की स्प्रे फिनिशवर लेख छापायचा असेल तर त्यासोबत चौकटीत निदान हे यावं: माल एक डब्याचा आहे की दोन डब्यांचा, हार्डनर कशाचा, कुठला मास्क चालतो आणि कुठला अजिबात चालत नाही, हवा बाहेर कशी काढायची आणि आसपास काय पेटतं ठेवायचं नाही. फोटोतल्या माणसाच्या तोंडावर तोच मास्क असावा जो चौकटीत लिहिलाय. आणि घरी पहिल्यांदा करणाऱ्याला दोन डब्यांचं पीयू सुचवूच नये, त्याला आधी एक डब्याचा वॉटर-बेस्ड माल, योग्य मास्क, मोकळी हवा, आडवा उजेड आणि पुष्कळ रद्दी फळ्या सुचवाव्यात. असा लेख लिहायला रोज गन हातात धरणारा कोणी मिळाला तर त्याचं शब्दांकन तुमच्या विभागाने करावं, आमच्यातल्या बऱ्याच जणांना लिहायची सवय नसते पण विचारलंत तर सांगतील सगळं.

आपला,
फर्निचर फिनिशिंग करणारा एक वाचक